चार दिवस बांधून ठेवलेली पत्रं

चोपडे, ९ मार्च

सेजल,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, पण पोस्टमनला तू बंद करू शकणार नाहीस. हे पत्र तुझ्या हातात पडेल आणि तू ते वाचशील, कारण कागद फाडायच्या आधी वाचून बघायची खोड तुला माझ्याकडूनच आली आहे.

तुझ्या त्या फोनला आज पाच दिवस झाले. पाच दिवस मी एका जागी बसलेली नाही. भांडी घासायला घेते आणि अर्धी टाकून उठते. अंगण दोनदा झाडते. पोदेर पाव ठेवून जातो, ते संध्याकाळी वाळून कडक झाल्यावर आठवतात. दूध उतू गेलं तरी मी जनेलापाशी बाहेर बघत उभी, आणि कशाला उभी ते माझं मलाच ठाऊक नसतं.

आईला असं विचारतात? तान्ह्या साईशच्या तळहातांना, तळपायांना पुरळ आलं, तुला आणि प्रज्योतला खाज सुटली, डॉक्टरनं खरूज म्हणून सांगितलं, इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग तू म्हणालीस, "आई, तुझ्या हातांना काय झालं होतं ते खरं सांग." माझ्या हातांना! सत्तावीस वर्षं मी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावते आहे. चोपड्यापासून मांद्र्यापर्यंत निदान दोनशे पोरं माझ्या पायांवर पालथी पडून न्हाली आहेत, त्यांतली काही आज मिशा पिळत बुलेट उडवतात. तुझे वडील गेल्यावर ह्याच हातांनी तुला वाढवलं, शिकवलं, वास्कोला लग्न लावून दिलं.

मग मीही बोलले. तुमच्या खोलीत वारा येत नाही, प्रज्योत बंदरावरून आला की हातपाय न धुता बाळाला घेतो, असलं काहीबाही. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला आजचं माहीत नाही. पण तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

आता शांत डोक्यानं ऐक. माझं डोकं शांत नाही, पण तू ऐक. तुझ्याकडे भांडी-लादीला येणारी ती रोहिणी, खानापूरकडची, तिच्यामुळे हे सगळं झालं. तुझ्या बाळंतपणासाठी मी चाळीस दिवस तुझ्याकडे होते. तिच्या बोटांच्या बेचक्यांतले फोड मी ह्या डोळ्यांनी बघितले. बघितले तशी तिला जिन्यात उभी केली आणि तुमच्या बिल्डिंगमधल्या चार बायकांसमोर सांगितलं की असल्या हातांनी बाळाला शिवायचं नाही, उद्यापासून यायचं नाही. तू दारात उभी होतीस आणि काही बोलली नाहीस. ती गेली, पण जायच्या आधी देऊन गेली. सरळ गोष्ट आहे. खाज तिला आधी सुटली, मला त्यानंतर आठवड्यानं.

हे शेवटचं वाक्य लिहायचं नव्हतं. खोडलं तर तू कागद उजेडाला धरून बघशील, म्हणून राहू दे. थोडीशी खाज होती, उष्णतेची. लांब बाह्यांचे ब्लाउज मी थंडीसाठी घालत होते.

साईशला अंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला घाल.

तुझी आई


चोपडे, २० मार्च

सेजल,

उत्तर नाही. ठीक आहे. माझीच मुलगी.

काल पाडवा झाला. गुढीला बांधून उरलेला कडुलिंबाचा पाला मी सगळाच्या सगळा वाटला, अंगाला थापला आणि दार लावून दुपारभर हिरवी होऊन घरात फिरले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, गंगाला वारं आलं. त्याच्या आधी आठ दिवस गंधक खोबरेलात खलून लावत होते. त्याचा वास अजून उशीला आहे.

उष्णता आहे, दुसरं काही नाही. दिवसा एक वेळ बरं असतं. अंथरुणात अंग जरा उबेला आलं की सुरू होतं, बेचक्यांत, मनगटावर, कमरेला नाडी आवळते तिथे. मग उठते, न्हाणीत जाते, बाल्दीत कोपरापर्यंत हात बुडवून उभी राहते. हात गार पडतात तेवढा वेळ बरं वाटतं.

मागच्या घरातल्या बाबलीची सून फेब्रुवारीत बाळंत झाली. तुझ्याकडून परत आल्या आल्या मी तिच्याकडे जाऊ लागले होते. तिचं पोर आता महिन्याचं झालं आणि चार दिवस नुसतं रडतंय. परवा तेल लावताना ती म्हणाली, "मावशे, ह्याच्या पायांक कित्याक फोड इले गो?" मी म्हटलं, घामोळं. मार्च महिना आहे, घामोळं येतंच. तिनं मान डोलावली. माझ्या शब्दावर तिचा किती विश्वास आहे ते मला तेव्हा दिसलं, आणि उगाच राग आला.

ती पोराला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, बाळाला अंघोळ कोण घालतं? माझं नाव सांगितलं हिनं. तेव्हापासून दोन निरोप आले, गंगा मावशीला येऊन जायला सांगा. वेळ नाही असा मी उलट निरोप दिला, आणि मग दिवसभर काहीच केलं नाही.

रामचंद्राच्या घरीही जायचं होतं. त्याची लेक पहिलटकरीण, माहेरी आली आहे. तेलाची वाटी घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पाठ धरली म्हणून सांगितलं. तुला वाटेल, आई घाबरली. घाबरले बिबरले नाही, खरंच पाठ धरली होती.

साईशचं पुरळ कमी झालं का? एवढीच एक ओळ लिहून पाठव. माझ्याशी बोलू नकोस, कागदाशी बोल.

आई


चोपडे, २७ मार्च

सेजल,

हे पत्र हातात घेऊ नकोस. चिमट्यानं धर, नाहीतर आधी उन्हात टाक आणि मग वाच. मागची दोन पत्रं कपाटात ठेवली असशील तर तीही उन्हात काढ. का ते सांगते, पण आधी एक खोटं निस्तरते.

रामचंद्राच्या दारातून मी परत फिरले नव्हते. आत गेले. पाटावर बसून पाय पसरले, पोरीला पायांवर घेतलं आणि डोक्यापासून बोटांपर्यंत तेल लावलं. तेरा दिवसांची पोर. मनात म्हणत होते, आता थांबते, आता काहीतरी सांगून उठते. पण पोर पायांवर आलं की माझे हात आपले आपण चालतात. ती झोपली सुद्धा.

परवा डॉक्टरबाई स्वतःच दारात आल्या. सिद्धी त्यांचं नाव, तुझ्याहून लहान असतील. मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते, पळायला जागा नव्हती.

"मावशे, हात दाखयात पळोवया," म्हणाल्या.

मी हात पदराला पुसले, जणू काही पुसून जाणार होतं. त्यांनी मला आत नेलं आणि मेजावरचं शाईचं पेन घेतलं, ज्यानं मी तुला लिहिते तेच. बेचक्यातल्या फोडावर शाई फासली आणि ओल्या कापसानं पुसून काढली. सगळी शाई गेली, पण सुताएवढी एक नागमोडी रेघ राहिली. हे तिचं बीळ, म्हणाल्या. डोळ्यांना दिसतो न दिसतो असा किडा कातडीत चर खणत जातो, त्यात अंडी घालतो. घाणीचा त्यात काही संबंध नाही, दिवसातून दोनदा न्हाणाऱ्यालाही होते. कातडीला कातडी बराच वेळ लागली की एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एका अंथरुणात झोपणारे, हातात हात धरणारे, बाळाला अंगावर घेणारे. तेल लावणारे हे त्या बोलल्या नाहीत. ते मीच मनात घातलं.

तरी मी हेका सोडला नाही. म्हटलं, मला ही दुसऱ्या बाईकडून आली, तिला माझ्या आठवडाभर आधी खाज सुटली होती. त्या खाली पाटावर बसल्या आणि मला सावकाश सांगितलं. ज्याला पहिल्यांदाच होते त्याच्या अंगाला ती कळायलाच महिना-दीड महिना लागतो. तोवर खाज नाही, फोड नाही, पण दुसऱ्याला देणं चालू असतं. ज्याला पूर्वी कधी होऊन गेली आहे त्याचं अंग तिला ओळखतं, ते दोन-चार दिवसांतच खाजवू लागतं. "आधी कोण खाजयता, ताचेर कोणे दिली तें थारना, मावशे."

आधी कोण खाजवतो त्यावरून कुणी दिली ते ठरत नाही, एवढं बोलून त्या गेल्या आणि मी बोटांवर मोजत बसले. मला खाज सुटली ती जानेवारीच्या चोवीस-पंचवीस तारखेला. महिना-दीड महिना मागे जा. डिसेंबरचे पहिले दिवस. तेव्हा तू बाळंतही झाली नव्हतीस, आणि रोहिणी मी बघितलीसुद्धा नव्हती. तेव्हा मी मयेला होते.

मयेच्या दत्तारामाची म्हातारी आई, अंथरुणाला खिळलेली. तिला तेल लावायला बारा दिवस ठेवून घेतलं होतं मला. मागच्या खोलीत एकटी पडलेली असायची. हातांवर, कोपरांवर करपलेल्या भाकरीसारखे थर धरले होते. घरचे म्हणायचे, म्हातारपणाची कातडी. मी कोमट तेल जिरवून जिरवून ते थर मऊ करायची, माझ्या तळव्यात कोंडा पडायचा, आणि मला अभिमान वाटायचा. तेल लावून झालं तरी ती माझा हात सोडायची नाही. मीही सोडवून घेतला नाही कधी, तास तास बसायची. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. अशा थरांत किडे हजारोंनी असतात म्हणाल्या, आणि अंगात झगडायची ताकद उरली नसेल तर माणसाला खाजही येत नाही.

आता दुसरं ऐक. साईश नऊ दिवसांचा होता. मी गेल्यावर त्याला तेल कोण लावणार म्हणून मी रोहिणीला शिकवायला बसवलं. तुला आठवत असेल, तू खाटेवरून हसत होतीस. भांड्यांच्या पावडरीनं तिचे हात राठ झालेले. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरून तासभर दाब शिकवला, अंगठा तळव्याच्या मधोमध आणि मग बोटांकडे. चार दिवसांनी तिला खाज सुटली.

तिनं मला दिली नाही. मी तिला दिली. आणि साईशला, आणि तुला, रोज, चाळीस दिवस, कोमट तेलासकट.

तू विचारलं होतंस, तुझ्या हातांना काय झालं होतं. हे झालं होतं. मला चोवीस जानेवारीपासून ठाऊक होतं की काहीतरी आहे, आणि मी बाह्या खाली ओढल्या. मला लाज वाटली, सेजल. तेल लावणाऱ्या बाईच्या हातांना असलं काही झालं तर तिला कोण दारात उभी करील, एवढंच डोक्यात होतं. नातवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली.

डॉक्टरबाई म्हणतात, कागदावरून जात नाही. अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांत मरतो. तरी हे पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चार दिवस ठेवणार आहे आणि मग पेटीत टाकणार. तरीही चिमट्यानं धर.


चोपडे, ५ एप्रिल
(बांधून ठेवून गुरुवारी टाकेन)

सेजल,

मलम लावलं. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, रात्रभर ठेवून सकाळी न्हाले. सात दिवसांनी पुन्हा एकदा, ते परवा झालं. चादरी, ब्लाउज, उशीचे अभ्रे भाणातल्या उकळत्या पाण्यात टाकले आणि उन्हात घातले. जी गोधडी उकळता येईना ती पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकली. तुम्ही तिघांनी एकाच दिवशी लावलंत ना? प्रज्योतनं मला आता खाज नाही म्हणून टाळलं असेल तर त्याला बसवून लाव. एकजण सुटला की पुन्हा सगळ्यांना. साईशला डोक्यालाही लावायचं असतं, ते तुझ्या डॉक्टरनं सांगितलंच असेल. आणि हातांना मोजे घाल त्याच्या, तो तोंडात घालील.

खाज अजून आहे. मी घाबरून पुन्हा केंद्रात गेले तर डॉक्टरबाई म्हणाल्या, किडा मेला तरी अंग इतक्यात विसरत नाही, दोन-चार आठवडे जातात. नको तितकं मलम थापू नका. त्यावरून तुझ्या गप्प बसण्याचा मला जरा अंदाज आला.

तुझ्याकडून आल्यावर मी पाच घरी तेल लावलं होतं. पाचही घरी गेले. आपल्याकडे खरजेला कुणी खरूज म्हणत नाही. घामोळं म्हणतात, उष्णता म्हणतात, देवाची बाधा म्हणतात आणि गुपचूप गंधक लावतात. मी अंगणातच उभी राहिले आणि तोंडानं खरूज म्हटलं. माझ्या हातांनी आली, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावा, ज्यांना खाज नाही त्यांनीसुद्धा.

बाबलीच्या सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तुका म्हायत आसला?"

मी हो म्हटलं. घामोळं म्हणाले त्या दिवशीच माहीत होतं. तिनं पोर उचललं आणि आत गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी उभी तरी राहिले असते. रामचंद्रानं घातल्या. परत ह्या घराची पायरी चढू नको म्हणाला, आणि त्याचं बरोबर आहे, ती तेरा दिवसांची होती. एका घरी चहा मिळाला, पण तिथल्या बाईनं कप परत घेतला नाही, घेऊन जा म्हणाली. बरा कप आहे. त्यात पेन ठेवते.

मग मयेला गेले, तीन बस बदलून. दत्तारामाला वाटलं मी काम मागायला आले. खरूज शब्द ऐकून तो लालबुंद झाला. आमच्या घरात कुणालाच नाही, आईला कुठून येणार, म्हणून माझ्यावर उलटला. खरंच कुणालाच नव्हती, सेजल. मी मागच्या खोलीत गेले तेव्हा कारण कळलं. ताट दारातून आत सरकवलेलं, पाण्याचा तांब्या काठीनं ढकलता येईल तिथे. तिला कुणी शिवतच नव्हतं, तर होणार कशी? तिनं मला ओळखलं आणि हात पुढे केला. मी तो धरला नाही. दोन पावलं लांब उभी राहून बोलले. एवढं वाईट मला रामचंद्राच्या अंगणातही वाटलं नव्हतं. दत्तारामाला म्हटलं, आईला डिचोलीच्या दवाखान्यात नेत नाहीस तोवर मी तुझ्या ओट्यावरून उठणार नाही. दोन वाजता त्यानं रिक्षा बोलावली.

तिथल्या डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आहे. बरी होईल म्हणतात, वेळ लागेल.

आता काम नाही. हातांना काही करायला नाही. उगाच डाळ निवडते, निवडलेलीच पुन्हा निवडते. रोहिणीचा पत्ता तुझ्याकडे नसणार. मांगोर हिलला राहते एवढं ती एकदा बोलली होती. तिथे जाऊन विचारत फिरेन.


चोपडे, १३ एप्रिल

सेजल,

काल मी वास्कोला आले होते हे तुला सांगायला नको, तू बघितलंस. त्याच्या आधीचं तू बघितलं नाहीस ते लिहिते.

रोहिणी सापडली. एका खोलीत ती, नवरा प्रमोद आणि नणंद. बांधकामावर घमेली वाहते आता. मी तिच्याबद्दल जिन्यात बोलले त्याच सकाळी त्या चारही बायकांनी तिला कामावरून काढलं होतं. हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. सरकारी दवाखान्यातून औषध आणून तिघांनी एकाच दिवशी लावलं, आणि फेब्रुवारीत ती बरीही झाली. लहानपणी शाळेच्या हॉस्टेलात तिला एकदा होऊन गेली होती, त्यामुळे काय आहे ते लगेच कळलं, म्हणाली. डॉक्टरबाईंचं बोलणं खरं निघालं.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती घमेल्यातली रेती खरवडत होती, वर न बघता म्हणाली, "तुमच्याकडनंच आली, हे मला तवाच ठावं होतं. तुमी बाह्या खाली वडत होतासा."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"माझ्यावर कोन इस्वास ठेवनार हुतं, मावशी?"

मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही आणि टाकलीही नाही. घमेलं भिंतीला टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "जिन्यात बोललासा नव्हं? मग जिन्यातच सांगा."

म्हणून आम्ही दोघी आलो. रविवार होता, बायका घरी होत्या. तुझ्या दाराची घंटा मी वाजवली नाही. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर उभी राहून त्यांना बोलावलं आणि मोठ्यानं सांगितलं, तुलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. खरूज मी आणली, मयेहून, माझ्या हातांनी. हिला मी दिली, माझ्या नातवाला मी दिली. हिचं काम माझ्या खोट्या शब्दावर गेलं. एक बाई दोन पायऱ्या मागे सरकली. जानेवारीत ती रोहिणीपासून अशीच सरकली होती.

तेव्हा रोहिणीनं माझा हात धरला. मी झटकन मागे घेऊ लागले. शुक्रवारी डॉक्टरबाईंनी शाई लावून पुन्हा बघितलं होतं, रेघ उठली नाही, त्यांनी मोकळं केलं मला, तरीही मी ओढला. दोन आठवडे झाले, मी कुणाला शिवलेली नाही. देवाच्या मूर्तीला फूलही लांबूनच टाकते. तिनं सोडला नाही. त्या सगळ्यांसमोर माझा तळवा उलटा केला, मधोमध अंगठा टेकला आणि बोटांकडे नेला. दाब एकदम बरोबर होता. एकदाच शिकवलं होतं मी.

मी रडले ते तू बघितलंसच, वरून. तू कठड्याशी उभी होतीस आणि साईश तुझ्या खांद्यावर पालथा होता. त्याचे दोन्ही पाय गजांतून बाहेर आले होते आणि खालून मला फक्त तळपाय दिसत होते. स्वच्छ होते, सेजल. एक फोड नव्हता. मी किती वेळ बघत होते कोण जाणे, रोहिणीनं दंडाला धरून मला खाली आणलं.

तू हाक मारली नाहीस. मीही वर आले नाही. त्या सरकलेल्या बाईनं मात्र रोहिणीला दारातून विचारलं, सोमवारपासून येशील का. रोहिणी म्हणाली, बघते.

आता माझं मागणं. साईशला तेल लावायला रोहिणीला बोलाव. तिला हवं तर येईल, नको तर येणार नाही, पण तू स्वतः जाऊन विचार. जिन्यात त्या दिवशी तूही गप्प होतीस. तेल कोमट असू दे, छातीवर दाब नको, कानामागं विसरायचं नाही, हे तिला सगळं येतं. मला बोलावशील तेव्हा मी येईन, आणि नाही बोलावलंस तर त्या पायरीपर्यंतच येईन.

हे पत्र बांधून ठेवलेलं नाही. शाई वाळली की लगेच टाकायला चालले. हातात घेऊन वाच.

आई